कागद, ताग आणि तार वापरून हुबेहूब शेकरू घडवायचा आहे : जाणकारांचे मार्गदर्शन हवे

शाळेची_खिडकी (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील एका प्राथमिक शाळेत शिकवते. १९८५ साली मुख्यतः शेकरूसाठी घोषित झालेले भीमाशंकर अभयारण्य आमच्यापासून फार दूर नाही, आणि तरीही वर्गातील बहुतेक मुलांनी आपला हा राज्यप्राणी नीट पाहिलेला नाही. उंच शेंड्यावर शेपटीचा झुपका हलतो, फांदी खाली-वर होते आणि ती स्थिर होईपर्यंत शेकरू पुढच्या झाडावर गेलेला असतो. म्हणून शाळेच्या निसर्गकोपऱ्यात खऱ्या मापाचा, पेंढा भरून ठेवलेल्या प्राण्यासारखा दिसणारा, पण कोणत्याही प्राण्याचा केससुद्धा न वापरता केलेला शेकरू असावा, अशी माझी इच्छा आहे.

गेल्या वर्षी श्रावणात एक प्रयत्न केला होता. तारेचा सांगाडा, त्यावर वर्तमानपत्राचे गोळे, मैद्याची खळ आणि वरून तपकिरी लोकर असे त्याचे स्वरूप होते. महिनाभरात पोटाशी काळी बुरशी धरली, मागाहून कसर लागली आणि शेपटी तर दोरीसारखी दिसू लागली. त्याहून मनाला लागले ते एका मुलीचे बोलणे : "बाई, ही मोठी खार आहे ना?" तिचे काहीच चुकले नव्हते. मी त्याला मागच्या पायांवर ताठ बसवले होते, पुढच्या पायांत फळ दिले होते आणि शेपटी पाठीवर वळवली होती.

मला तीन बाबी विचारायच्या आहेत. सांगाडा कसा करावा म्हणजे प्राणी जिवंत वाटेल? कागद आणि चिकटवण्याचे द्रव्य कोणते वापरावे म्हणजे आमच्या भागातील पावसाळ्यात ते टिकेल? आणि केसांसाठी काय वापरावे? मागच्या वेळी वापरलेली लोकर मेंढीची होती, हे माझ्या नंतर लक्षात आले. "बाई, हा मारून आणलाय का?" असे मुले विचारतातच, आणि त्यावर "नाही" असे निखालस उत्तर मला देता आले पाहिजे.

---

सांगाडा_आधी

ताई, नमस्कार. मुंबईत संग्रहालयांसाठी प्रतिकृती करण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे आपला प्रश्न वाचून राहवले नाही.

आपल्या विद्यार्थिनीने चूक अचूक हेरली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. अंगणात दिसणारी खार शेपटी पाठीवर घेऊन ताठ बसते आणि दाणा कुरतडते. शेकरू सहसा तसे बसून खात नाही. तो मागच्या पायांनी फांदी घट्ट धरतो, अंग फांदीला आडवे ठेवतो, डोके आणि पुढचे धड एका बाजूला खाली झुकवतो आणि दुसऱ्या बाजूला शेपटी सरळ खाली सोडतो. ती शेपटी तराजूच्या दुसऱ्या पारड्याचे काम करते. ही एक ढब साधली तर रंग थोडा चुकला, केस थोडे आखूड-लांब झाले, तरी पाहणारा त्याला खार म्हणणार नाही. आपल्या कामाच्या दृष्टीनेही ती सोयीची आहे, कारण शेपटी वर तोलून धरावी लागत नाही. ती स्वतःच्या वजनाने योग्य जागी लोंबते.

तार हातात घेण्याआधी खऱ्या मापाचे चित्र काढावे. खाकी कागदावर बाजूने दिसणारी आकृती काढा : डोके आणि धड मिळून साधारण ३५ ते ४० सेंटीमीटर, आणि शेपटी तेवढीच किंवा त्याहून लांब. त्या आकृतीच्या आत कवटी, मणका, खांद्याचे पाते, कमरेचे हाड आणि पायांचे सांधे दाखवा. नवशिक्याच्या हातून सर्वाधिक चूक इथे होते, कारण तो पाय धडाच्या बाहेर चिकटवतो, टेबलाला पाय लावावेत तसे. प्रत्यक्षात मांडी कुशीत दडलेली असते, गुडघा पोटाच्या जवळ असतो, आणि आपण ज्याला "उलटा गुडघा" समजतो तो खरे तर टाचेचा सांधा असतो. पुढच्या पायाचे कोपरही छातीला लागून असते. हे चार सांधे योग्य जागी आले की वर काहीही चढवा, प्राणी उभा राहतो. ते चुकले तर वरच्या केसांनी काही झाकले जात नाही.

तारेविषयी. मणका आणि मागचे पाय यांसाठी १० गेजची, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास जाडीची, जस्ताचा मुलामा दिलेली तार घ्या. मुलामा नसलेली तार ओल्या कागदात गंजते आणि वर्षभराने गंजाचे डाग बाहेर येतात. पुढच्या पायांना १४ गेज आणि बोटांना बांधणीची बारीक तार पुरते. मागच्या पायांच्या तारा तळव्यातून दहा-बारा सेंटीमीटर बाहेर सोडाव्यात. ज्या फांदीवर शेकरू बसवायचा, तिला भोके पाडून त्या आरपार काढाव्यात आणि खालून वळवून पक्क्या कराव्यात, म्हणजे सगळा भार फांदीवर येतो. सर्व तारांवर सुतळी घट्ट गुंडाळावी, कारण गुळगुळीत तारेवर कागद धरत नाही आणि पुढे आतल्या आत फिरतो.

तार वाकवून झाली की एकदा फांदीवर बसवून लांबून पाहा आणि मुलांनाही दाखवा. केस नाहीत, डोळे नाहीत, नुसती तार आहे, आणि तरीही त्यांना प्राण्याचा तोल जाणवला, तरच पुढे जावे. माझ्या हिशेबाने एकूण श्रमांचा निम्मा भाग इथेच खर्ची पडायला हवा.

"पेंढा भरणे" हा शब्द आपल्याकडे रूढ असला, तरी चांगल्या कामात कातड्याच्या आत पेंढा कोंबलेला नसतोच. आधी प्राण्याच्या स्नायूंचा घाट असलेला पुतळा घडवला जातो आणि कातडे त्यावर ताणून बसवले जाते. म्हैसूरची व्हॅन इंजेन ही पेढी १९०० पासून जवळपास शंभर वर्षे चालली. संस्थानिकांचे शेकडो वाघ तिथून तयार होऊन गेले, आणि त्या वाघांच्या आतले धड साच्यातून काढलेल्या कागदाच्या लगद्याचे असे. म्हणजे घाट धरून ठेवण्याचे काम तिथेही कागदच करत होता. आपण फक्त वरचे कातडे वगळत आहात, त्यामुळे आपल्या कामाला त्या विद्येपेक्षा कमी लेखू नका.

---

पेणचा_कारागीर

बाईंना नमस्कार. आमच्या घरी गणपतीचे काम आहे आणि कागदी लगद्याच्या मूर्ती आम्ही बऱ्याच वर्षांपासून करतो. बुरशीचा अनुभव आम्हीही घेतलेला आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

आपली पहिली चूक महिन्याची आहे. श्रावणात आपल्या भागात कागद वाळतच नाही. वरचा थर कोरडा लागतो, आत ओल कोंडते आणि तीच नंतर काळी होऊन बाहेर येते. हे काम दिवाळीनंतर काढावे आणि होळीच्या आत संपवावे. एका वेळी तीन-चार थरांपेक्षा जास्त लावू नयेत. ते पूर्ण वाळल्याशिवाय पुढचे लावू नयेत. वाळले की नाही हे बोटाने कळत नाही. वस्तू गालाला लावून पाहावी. गार लागली तर आत पाणी आहे.

दुसरी चूक गोळ्यांची. वर्तमानपत्राचे सैल गोळे ओल धरून ठेवतात. त्याऐवजी कोरड्या कागदाच्या घट्ट गुंडाळ्या करून त्या तारेभोवती दोऱ्याने आवळाव्यात, त्यावर कागदी चिकटपट्टी लावावी आणि मगच ओले थर सुरू करावेत. कागद कात्रीने कापू नये, हाताने फाडावा. फाटलेली कड पातळ असते, ती दुसऱ्या तुकड्यात मिसळून जाते. कापलेल्या कडेची रेघ शेवटपर्यंत दिसते. एक थर पांढऱ्या कागदाचा आणि पुढचा खाकी कागदाचा असा आलटून-पालटून लावला, तर कुठे थर राहून गेला ते मुलांनाही लगेच दिसते.

आता खळीविषयी. मैद्याची खळ स्वस्त आहे, पण ती कसरीचे आणि झुरळांचे अन्न आहे. पुस्तके बांधणारे जुने बाइंडर तिच्यात मोरचूद घालत असत, परंतु मोरचूद विषारी आहे, त्यामुळे लहान मुलांच्या हातात ती खळ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद निम्मे पाणी घालून वापरावा. आमची आजी टोपल्यांना कागदाचा लगदा लिंपायची तेव्हा त्यात मेथीचे पीठ कालवायची. त्याने लगदा चिवट होतो आणि किडाही कमी लागतो. चेहऱ्याच्या बारीक घडणीसाठी लगदा करायचा असेल तर कागद दोन दिवस भिजवून वाटावा, फडक्यात घट्ट पिळावा, आणि त्यात व्हाइटिंग पावडर (खडूची बारीक पूड), गोंद व थोडे मेथीचे पीठ मळून कणकेसारखा गोळा करावा.

आपली अट लक्षात घेऊन एक सावधगिरी सांगतो. सुतारकामाच्या दुकानात मिळणारा सरस घेऊ नका. तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढतात. बाभळीचा डिंक चालेल, तो झाडाचा आहे. लाखेचे पॉलिशही टाळावे, कारण लाख किड्यापासून मिळते. ओल आत शिरू नये म्हणून शेवटी अ‍ॅक्रिलिक प्रायमरचे दोन हात द्यावेत. पोटाची खालची बाजू आणि तळवे विसरू नयेत, कारण तिथूनच बुरशी चढते.

केसांसाठी बाजारात मिळणारे कृत्रिम फरचे कापड लावले तर काम आठवड्यात होईल. मी तेच सुचवेन.

---

तागाची_गाठ

नमस्कार ताई. मी वनस्पतीच्या धाग्यांपासून वस्तू करते. पेणच्या दादांनी कागदाविषयी लिहिलेले अक्षरन् अक्षर पटले, पण फरच्या कापडाविषयी माझे मत थोडे निराळे आहे. ते कापड पाठीवर बसते, चेहऱ्यावर बसत नाही. शेकरूच्या नाकाजवळचे केस जेमतेम काही मिलिमीटरचे असतात आणि शेपटीवरचे बोटाएवढे लांब. एकाच लांबीचे कापड सगळीकडे लावले की प्राण्याचे खेळणे होते. वेळ अगदीच कमी असेल तर पाठ आणि कुशीपुरते ते वापरावे. कापताना मागच्या विणीवरून ब्लेड फिरवावे, कात्री लावू नये, म्हणजे केस मधेच तुटत नाहीत. आणि सगळे जोड पोटाखाली न्यावेत. परंतु आपल्याकडे पूर्ण हिवाळा आणि तीस-चाळीस हात आहेत, तेव्हा केस हाताने लावावेत, असे मी आग्रहाने म्हणेन.

कच्चा ताग घ्या आणि जुन्या फणीने विंचरून त्याचे पेळू करा. शेकरूच्या पाठीचा रंग गडद तांबूस-तपकिरी असतो, पोट फिकट असते, आणि भीमाशंकरकडच्या शेकरूची शेपटी टोकाकडे पांढरट होत जाते. एकाच भांड्यात सगळा ताग रंगवू नये. तांबूस, काळपट तपकिरी आणि विटकरी अशा तीन छटा वेगवेगळ्या रंगवाव्यात आणि विंचरताना एकत्र कराव्यात, कारण जिवंत प्राण्याच्या अंगावर एकसारखा रंग कुठेच नसतो. रंग घेताना दुकानदाराला ‘डायरेक्ट’ या प्रकारचे कापडाचे रंग मागा. ‘बेसिक’ या प्रकारचे रंग तागावर फार चटकदार बसतात, पण उजेडात लवकर उडतात, आणि आपला निसर्गकोपरा खिडकीजवळ असणार असे आपल्या नावावरून वाटते.

लावण्याची दिशा कौले घालण्यासारखी आहे. कौलारू घराचे छप्पर वळचणीकडून आढ्याकडे शाकारत जातात, म्हणजे वरचे कौल खालच्यावर येते. तसेच इथे शेपटीच्या बुडापासून मानेकडे आणि पंजापासून मांडीकडे जायचे. तागाची बारीक चिमूट घ्यायची, मुळाकडचे टोक गोंदात बुडवायचे आणि आधीच्या ओळीवर अर्धी येईल अशी ठेवायची. पाठीवर केस दोन-अडीच सेंटीमीटर ठेवावेत, खांद्यावर त्याहून आखूड आणि कपाळावर अगदी कमी. चेहऱ्यासाठी तागाचा कात्रीने बारीक भुसा करावा, पातळ गोंद लावून तो चाळणीतून भुरभुरावा आणि वाळल्यावर ब्रशने नाकाकडून मागे झाडावा. एका विद्यार्थ्याला एका बैठकीत तळहाताएवढी जागा पुरे होते. घाई केली की गोंद वर येतो आणि केसांच्या जटा होतात.

शेपटीची गोष्ट वेगळी आहे, तिला ताग पुरणार नाही. तारेवर लोकर गुंडाळली की तिची दोरीच होणार, कारण केस तारेला समांतर पडतात, आणि शेकरूच्या शेपटीचे केस तारेपासून बाहेर फाकायला हवेत. बाटली धुण्याचा ब्रश जसा करतात तशी ती करावी. दोन बारीक तारा शेजारी-शेजारी ताणून धराव्यात, त्यांच्या मधे आठ ते दहा सेंटीमीटरचे धागे आडवे, दाट आणि सारखे पसरावेत, मग एक टोक शिकंज्यात पकडून दुसरे टोक पिळत जावे. पीळ बसेल तसे धागे चारी बाजूंना फाकतात आणि तारेत घट्ट अडकतात. गोंदाची फारशी गरजच उरत नाही. बुडाकडे रंगवलेला ताग घ्यावा आणि टोकाकडे न रंगवलेला घायपाताचा धागा मिसळत जावा. घायपात मुळातच पांढरट आणि ताठ असतो, त्यामुळे झुपका दमट हवेतही बसत नाही. पिळून झाल्यावर कात्रीने आकार द्यावा : बुडाशी निमुळती, मधे भरदार, टोकाला मोकळी.

अ‍ॅक्रिलिकची लोकर वापरता येते, ती मेंढीची नसते, पण दुकानात घेताना वेष्टनावर पाहूनच घ्या. पुष्कळदा मिश्र असते.

---

रानवाटेवरचा

एक छोटी, पण आवश्यक सूचना. जंगलात मेलेला शेकरू, तुटलेली शेपटी किंवा नखे सापडली तरी नमुना म्हणून ती उचलून आणू नयेत आणि मुलांनाही तसे सांगून ठेवावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे संरक्षित प्राण्याचे अवयव परवानगीशिवाय बाळगणे गुन्हा आहे. असे काही दिसल्यास वनविभागाला कळवावे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात खऱ्या कातड्यांवर काम करणारे केंद्र आहे, परंतु ते सरकारी देखरेखीखाली चालते.

रंगकामाचे ब्रश घेतानाही पाहावे. मुंगसाच्या केसांचे ब्रश अजूनही चोरून विकले जातात, आणि त्यांची विक्री व ते बाळगणे दोन्ही बेकायदा आहे. नायलॉनचे ब्रश या कामाला उत्तम चालतात.

---

शाळेची_खिडकी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मी काल खाकी कागदावर आकृती काढून पाहिली आणि टाचेचा सांधा कुठे येतो हे पहिल्यांदा नीट कळले. मुलांना तो आपल्याच पायावर शोधायला लावला. वर्गातील सगळी मुले चवड्यांवर चालू लागली. कागदकाम दिवाळीनंतर सुरू करायचे ठरवले आहे, तोपर्यंत सांगाडा आणि चित्रे होतील.

आता दोन शंका उरल्या आहेत. डोळ्यांसाठी मी काळे मणी आणले आहेत, पण लगद्यात खोचून पाहिले तर चेहरा दचकल्यासारखा दिसतो. आणि पंजांची बोटे कशी करावीत? कागदाची केली तर ती जाड होतात.

---

सांगाडा_आधी

ताई, मण्याचा दोष नाही, पापणीचा अभाव आहे. प्राण्याचा डोळा पूर्ण गोल कधीच दिसत नाही. वरची पापणी त्याचा थोडा भाग झाकते आणि त्या पापणीची सावली डोळ्यावर पडते. मणी आधी खोबणीत खोल बसवा, अर्ध्याहून अधिक आत गेला पाहिजे. मग लगद्याची दोऱ्याएवढी बारीक वळी करून वर आणि खाली ठेवा आणि ओल्या काडीने ती कपाळात व गालात मिसळून टाका. वरची वळी खालच्यापेक्षा किंचित जाड हवी. शेकरूचे डोळे गडद आणि डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे समोरून पाहताना दोन्ही डोळे माणसासारखे पुढे बघत असतील तर ते बाहेरच्या बाजूला सरकवावेत. सगळे वाळून रंगकाम संपल्यावर मण्यावर पारदर्शक वार्निशचा एक थेंब द्यावा. पेणचे दादा मूर्तीच्या डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी करतात, तसेच हेही शेवटी.

बोटांसाठी कागद नकोच. बांधणीच्या तारेवर एम-सीलसारखी दोन भाग मळून वापरायची पुट्टी पातळ चढवा. ती मळण्याचे काम मोठ्यांनी हातमोजे घालून करावे. पुढच्या पंजाला चार लांब बोटे आणि अंगठ्याच्या जागी फक्त एक खुंट असतो, मागच्या पंजाला पाच बोटे असतात. बोटे फांदीवर नुसती टेकलेली दिसता कामा नयेत. पुट्टी ओली असतानाच पंजा फांदीवर दाबून बसवा, म्हणजे बोटे सालीच्या खाचांत रुततात आणि पकड खरी वाटते. नखांना बांबूच्या बारीक काड्या तासून, वाकड्या करून, काळ्या रंगवून खोचा. मिश्यांना मासे पकडण्याच्या गळाची बारीक नायलॉनची दोरी काळी करून वापरा आणि टोकाकडे पॉलिश पेपरने घासून निमुळती करा. पुढचे दात दाखवणार असाल तर ते पांढरे रंगवू नका; शेकरूचे दात पिवळट-नारिंगी असतात.

एक विनंती. खाली जी पाटी लावाल, तिच्यावर प्राण्याच्या नावाबरोबर "कागद, ताग, घायपात आणि तार यांची प्रतिकृती" असे ठळक लिहा आणि करणाऱ्या सर्व मुलांची इयत्ता व वर्ष घाला. फांदीसाठी वाळून पडलेलीच घ्या, आणि ती आठवडाभर कडक उन्हात ठेवून मगच वर्गात न्या, नाहीतर तिच्यातला भुंगा तुमच्या कागदात उतरेल.

---

पेणचा_कारागीर

फांदीच्या भोकांतही प्रायमर भरावा, बाई. तार जिथे लाकडात शिरते तिथे पावसाळ्यात ओल सर्वांत आधी पोचते.